चिकन-भाज्यांचं बेक्ड कॅसरोल: तळाशी पाणी आणि वर करपलेलं, हे कसं टाळायचं

कॅसरोल, म्हणजे खोल डिशमध्ये सॉससकट ओव्हनमध्ये बेक केलेला पदार्थ, बिघडलं की बहुतेक घरांत ते एकाच पद्धतीने बिघडतं. पहिला डाव काढला की तळाशी पांढुरकं पाणी दिसतं, चिकन चामट झालेलं असतं, फ्लॉवरचा गिचका आणि गाजर मात्र कडक. वरचं चीज करपलेलं. मग दोष ओटीजीला (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनला) दिला जातो आणि पुढच्या वेळी क्रीम व चीज वाढवलं जातं. त्याने पाणी झाकलं जातं, कमी होत नाही. शिवाय ज्या कारणासाठी तळलेलं-तर्रीदार सोडून हा पदार्थ करायला घेतला, ते कारणही संपतं.

खोल डिशमध्ये झाकून ठेवलेल्या पदार्थातलं पाणी ओव्हन आटवत नाही. भाज्या आणि चिकन जेवढं पाणी आत नेतील, तेवढं जवळजवळ सगळं आतच राहतं. त्यामुळे खरं काम ओट्यावर, डिश भरण्याआधी होतं. ओव्हनमध्ये फक्त सगळं एकजीव होतं आणि वरचा थर खरपूस होतो. खालचे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत, त्यांचा क्रम बदलू नका.

प्रमाण चार माणसांचं आहे. तयारीसकट दोन-सव्वादोन तास धरा.

साहित्य

चिकन: बिनहाडाचं, साल काढलेलं लेगचं मांस ५०० ग्रॅम.

भाज्या: फ्लॉवर १५० ग्रॅम, गाजर १ मोठं, फरसबी १०० ग्रॅम, मटार अर्धी वाटी, ढोबळी मिरची १ मध्यम, बटाटे २ मध्यम, कांदे २ मोठे, लसूण ८-१० पाकळ्या.

सॉस: गाईचं किंवा टोन्ड दूध ३०० मिली, चिकनच्या हाडांचं अळणी पाणी १०० मिली, कणीक ३ सपाट मोठे चमचे, तेल दीड मोठा चमचा, चक्का ७५ ग्रॅम, मिरपूड, चिमूटभर जायफळ, एखादी हिरवी मिरची.

वरचा थर: शिळ्या पावाचा किंवा शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा चुरा १ वाटी, किसलेलं चीज ४० ग्रॅम, तेल २ छोटे चमचे, बारीक चिरलेली कोथिंबीर.

यात मैदा नाही, क्रीम नाही, पाकिटातलं सूप नाही. चीज फक्त वर घालायचं, कारण जिभेला पहिला लागतो तो वरचाच थर. आत मिसळलेलं दोनशे ग्रॅम चीज सॉसमध्ये हरवतं, फक्त तूपकटपणा मागे राहतो. या प्रमाणात माणशी २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात, त्यामुळे सोबत वेगळी डाळ-उसळ लागत नाही.

टप्पा १: बाजारातली निवड

चिकनवाल्याकडे नुसतं ‘बोनलेस’ मागितलं तर बहुतेक वेळा छातीचं मांस मिळतं. ते परतून पुन्हा बेक केलं की कोरडं पडतं. म्हणून ‘लेगचं बोनलेस’ असं स्पष्ट सांगा. हाडासकट पाऊण किलोच्या आसपास लेग घेतले तर अर्धा किलो मांस सुटतं. हाडं टाकू देऊ नका, वेगळी बांधून घ्या. घरी आल्यावर ती दोन कप पाणी, थोडं आलं आणि चिमूटभर हळद घालून कुकरला तीन-चार शिट्ट्यांवर काढा, गाळा, वरची चरबी चमच्याने काढून टाका. हे अळणी सॉसला जी चव देतं ती बाजारातल्या तयार सूपच्या कुठल्याही चौकोनी वडीने येत नाही. उरलेलं मुलांना मिरपूड घालून प्यायला द्या.

भाज्यांच्या बाबतीत नाशिककरांना तक्रारीला जागा नाही. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडून गारठ्याच्या बातम्या यायला लागल्या की फ्लॉवर, मटार, गाजर, फरसबी सगळं एकदम ताजं आणि स्वस्त असतं. हा पदार्थ खरा त्याच दिवसांतला. बुधवारच्या बाजारातून फिरताना फ्लॉवरचा गड्डा घट्ट, पांढरा आणि जड बघून घ्या. तुरे सुटे झालेला जून गड्डा पाणी सोडतो आणि उग्र वासही देतो. फरसबी मोडून बघा, कट्‌कन तुटली तर कोवळी.

पावसाळ्यात फ्लॉवर ओला आणि अळ्यांचा मिळतो. तेव्हा तो सोडून मक्याचे दाणे घाला. उन्हाळ्यात ढोबळी मिरची आणि मका यांवर भर द्या.

दोन भाज्या मी मुद्दाम बाहेर ठेवते. एक दुधी. ‘हेल्दी’ म्हटलं की तो हमखास आठवतो, पण कॅसरोलमध्ये तो निव्वळ पाणी आहे. दुसरा टोमॅटो. पिंपळगाव, गिरणाऱ्याकडचा माल उतरला आणि दर पडले की टोमॅटो सगळ्यात घालावासा वाटतो. पण त्याचा रस दुधाच्या सॉसमध्ये गेला की सॉस फाटतो. अगदीच हवा असेल तर बिया आणि आतला रसाळ भाग काढून नुसत्या बाहेरच्या जाड भिंतीचे पातळ काप चुऱ्याच्या खाली, अगदी वर लावा.

कांद्याचाही फरक पडतो. दिवाळीनंतर येणारा नवा लाल कांदा जास्त रसाळ असतो, त्याला परतायला वेळ द्यावा लागतो. साठवणीचा उन्हाळ कांदा कोरडा असतो, लवकर तांबूस होतो. घरात दोन्ही असतील तर उन्हाळ वापरा.

टप्पा २: भांडं आणि ओव्हन आधी तपासा

दोन लिटरची, पाच-सहा सेंटिमीटर खोलीची काचेची बेकिंग डिश चार माणसांना पुरते. ती कानांसकट ओटीजीत बसते का, दार पूर्ण लागतं का, हे रिकामी असतानाच बघा. भरलेली डिश हातात घेऊन हा शोध लावायला लागला की पुढची दहा मिनिटं घरात आरडाओरडा असतो. डिशच्या कडेपासून रॉडपर्यंत वर निदान सहा-सात सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर वरचा थर करपणारच.

पोळ्या गरम ठेवायचा प्लास्टिकच्या आवरणाचा डबा ओव्हनमध्ये जात नाही, मग त्याच्या आत स्टील असलं तरीही. स्टीलचा सपाट डबा किंवा केकचा टिन चालतो. त्यात कडा लवकर शिजतात, एवढं लक्षात ठेवा.

मोठा ओटीजी साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटला, तेही मल्टिप्लगवर, लावू नका. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. त्याच पॉइंटवर गीझर किंवा इस्त्री एकाच वेळी नको.

ओटीजीची तापमानाची कळ दाखवते तेवढंच आत असतं असं नाही, दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घेतलात तर उत्तम. नसेल तर पावाच्या चुऱ्यावरच परीक्षा घ्या. शिळा पाव हाताने मोकळा करून ट्रेमध्ये पातळ पसरा आणि १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा. ट्रेचा जो कोपरा आधी तांबूस होईल तिकडे ओव्हन जास्त तापतो. बेक करताना मध्येच डिश फिरवायची ती यासाठी. चुराही वाळतो आणि ओव्हनची खोडही कळते.

*तपासा:* चुरा कोरडा, कुरकुरीत आणि फिकट आहे ना? आत्ताच तो गडद तांबूस झाला तर शेवटी काळा पडेल.

टप्पा ३: चिकन कोरडं करून मीठ लावणं

कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुवू नका. उडालेले थेंब सिंकच्या आजूबाजूला, धुतलेल्या भांड्यांवर, कोथिंबिरीवर जंतू पसरवतात. ते जंतू शिजवण्याने मरतात, धुण्याने नाही. न धुता मन मानत नसेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने बुडवून काढा आणि सिंक लगेच साबणाने घासा. दोन्ही बाबतींत पुढचं काम सारखंच, ते म्हणजे किचन पेपरने एकेक तुकडा टिपून कोरडा करणं. हा कंटाळवाणा भाग आहे आणि लोक नेमका हाच गाळतात.

तुकडे तीन सेंटिमीटरचे, एकसारखे. त्यांना पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा हळद, ठेचलेला लसूण आणि चमचाभर तेल चोळा. अर्धा तास झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

दही लावू नका. तंदुरीच्या सवयीने हात दह्याकडे जातो, पण दह्यात घोळलेलं चिकन कढईत परतलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं. आपल्याला त्याला खरपूस रंग आणायचा आहे.

*सावध:* एकच पाट आणि एकच सुरी असेल तर भाज्या आधी चिरून घ्या आणि चिकन शेवटी. क्रम उलटा झाला तर पाट आणि सुरी साबणाने धुतल्याशिवाय भाजीला लावू नका.

टप्पा ४: भाज्या, पाण्यातून आणि पाण्याबाहेर

फ्लॉवरचे तुरे एका घासाचे करा. कोमट पाण्यात मीठ-हळद घालून दहा मिनिटं बुडवून ठेवा, अळ्या असतील तर वर येतात. गाजराचे एक सेंटिमीटरपेक्षा लहान चौकोनी तुकडे, फरसबीचे दोन सेंटिमीटरचे. बटाट्याच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळवा, त्यात चमचाभर मीठ घाला. त्याच पाण्यातून एकामागून एक भाज्या काढायच्या. बटाटा सहा-सात मिनिटं, सुरी आत जावी पण चकती मोडू नये इतपतच. नंतर फरसबी तीन मिनिटं, गाजर अडीच, फ्लॉवर दोन, ताजे मटार एक-दोन. फ्रोजन मटार उकळायचे नाहीत, नुसते बाहेर काढून पाणी निथळू द्या. सगळ्या भाज्या एकदम टाकल्या तर फ्लॉवर विरघळेपर्यंत गाजर कच्चंच राहतं. तक्रारी येतात त्यातल्या अर्ध्या इथल्याच.

झाऱ्याने काढलेल्या भाज्या चाळणीत आणि चाळणीतून लगेच मोठ्या सुती फडक्यावर, एका थरात पसरा. त्यावर गार पाणी ओतायची गरज नाही. पंख्याखाली गरम भाजीची वाफ निघून जाते, वाफेबरोबर पाणीही जातं. गार पाण्याने तीच वाफ आत कोंडते आणि वरून नवं पाणी चिकटतं. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका.

*तपासा:* फ्लॉवरचा एक तुरा उचलून फडक्याच्या कोरड्या जागी दाबा. ओला ठसा उमटला तर अजून पाच मिनिटं.

ढोबळी मिरची आणि मशरूम उकळायची नाहीत. ती पुढच्या टप्प्यात कढईत जातात. पालक घालणार असाल तर वाफवून मुठीत घट्ट पिळा. पिळून झाल्यावर परत एकदा पिळा.

टप्पा ५: एकच कढई, तीन फेऱ्या

जाड बुडाची लोखंडी किंवा स्टीलची कढई घ्या. फेऱ्यांचा क्रम कांदा, ढोबळी मिरची, चिकन असाच. चिकन शेवटी घेतल्याने कच्च्या मांसाचा अंश भाज्यांना लागत नाही आणि बुडाला चिकटलेली खरवड सॉसच्या कामी येते.

कांदा पातळ उभा चिरून चमचाभर तेलात मध्यम आचेवर तांबूस करा. बारा ते पंधरा मिनिटं लागतात, लाल कांद्याला त्याहून जास्त. गुलाबी झाला की उतरवायचा मोह होतो, पण गुलाबी कांद्यात अजून भरपूर पाणी असतं. आकाराने तो एक तृतीयांश उरला पाहिजे. काढून ठेवा.

आच मोठी करा. ढोबळी मिरचीचे चौकोन तेलाच्या नुसत्या पुसटशा हाताने मिनिट-दीड मिनिट उडवून घ्या. मशरूम असतील तर ते कोरड्या कढईत टाका. आधी पाणी सोडतील, ते आटून तडतड आवाज येईपर्यंत परतत राहा.

आता चिकन. कढई चांगली तापली पाहिजे. दोन चमचे तेल, आणि तुकडे एकमेकांना न चिकटता, दोन हप्त्यांत. एका बाजूने दोन मिनिटं अजिबात न हलवता, मग उलटून दीड-दोन मिनिटं. बाहेरून सोनेरी, आतून अर्धवट कच्चं, असं हवं. सगळं एकदम ओतलं की कढई गार पडते, पाणी सुटतं, आणि आपण नकळत चिकनची भाजी शिजवायला लागतो.

*सावध:* हे अर्धवट शिजलेलं चिकन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी बेक करायचं, हा बेत धोक्याचा आहे. अर्धकच्च्या मांसात जंतू मरत नाहीत, वाढायला मात्र अनुकूल ऊब मिळते. कढईतून निघालेलं चिकन त्याच बैठकीत ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर भाज्या, कांदा आणि सॉस करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, चिकन कच्चंच मीठ-मसाला लावून ठेवा आणि परतणं दुसऱ्या दिवशी करा.

टप्पा ६: सॉस

सॉस सुरू करतानाच ओटीजी १९० अंशांवर, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू करून तापायला लावा. पंधरा मिनिटं लागतात, सॉसही तेवढ्यातच होतो.

चिकन काढलेल्या कढईत दीड चमचा तेल, आच मंद. कणीक घालून तीन-चार मिनिटं हलवत भाजा. लाडवासाठी कणीक भाजताना येतो तसा खमंग वास येऊ लागला की बस, रंग फार गडद करायचा नाही. इथे घाई केली तर सॉसला पिठूळ चव येते आणि ती नंतर कशानेही जात नाही.

अळणी पाणी घालून बुडाची खरवड उलथन्याने सोडवा. मग कोमट दूध चार वेळा थोडं थोडं करून, दर वेळी फेटत. फ्रिजमधलं गार दूध एकदम ओतलं की गुठळ्या होतात. झाल्याच तर घाबरू नका, गाळणीतून काढा किंवा मिक्सरला एक फिरकी द्या. चिकनखाली ताटलीत साचलेला रसही यातच घाला आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं उकळू द्या. चिकनच्या कढईतलाच सॉस असल्याने तो नीट उकळणं सुरक्षेसाठीही गरजेचं आहे. मिरपूड, जायफळ आणि ठेचलेली मिरची यात घाला. कच्चं आलं घालू नका, त्याने दूध फाटतं.

गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. चक्का वाटीत मऊ फेटून घ्या, त्यात दोन डाव सॉस मिसळा आणि मग ते मिश्रण कढईत घाला. उकळत्या सॉसमध्ये चक्का थेट टाकला तर तो कणीदार होतो. चक्का ताजा आणि गोड हवा. आंबट दह्याचा असेल तर न घातलेला बरा.

*तपासा:* चमचा बुडवून काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर दाटपणा बरोबर. सॉस ओघळून रेघ बुजली तर परत मंद आचेवर, न उकळवता, दोन-तीन मिनिटं. इथे सॉस थोडा जास्तच दाट वाटू दे, भाज्या त्याला सैल करतात.

मीठ आता चाखून घाला. चिकनला मीठ आहे, भाज्यांच्या पाण्यात होतं, चीजमध्येही आहे. बहुतेक वेळा अर्धा छोटा चमचा पुरतो.

टप्पा ७: डिश लावणं

डिशला तेलाचा हात फिरवा. तळाशी बटाट्याच्या चकत्या किंचित एकमेकींवर येतील अशा लावा. जे काही थोडं पाणी खाली उतरेल ते बटाटा शोषून घेतो, म्हणून त्याची जागा तळाशीच. त्यावर कांदा पसरा. मोठ्या परातीत चिकन, भाज्या आणि सॉस हलक्या हाताने मिसळून वर ओता. चिकनखाली ताटलीत साचलेला रस मिश्रणात ओतू नका. तो सॉस उकळत असतानाच त्यात घालायला हवा होता, राहून गेला असेल तर फेकून द्या.

डिश काठोकाठ भरायची नाही, दीड सेंटिमीटर कड मोकळी ठेवा. चुरा, चीज, तेल आणि कोथिंबीर हाताने चोळून एकत्र करा पण आत्ता घालू नका, बाजूला ठेवा.

भाकरीचा चुरा वापरताना शिळी ज्वारीची भाकरी तव्यावर कडक करून मग कुस्करा. त्यात एक लसणाची पाकळी आणि चिमूटभर तिखट चुरडलं तर हा थर पावापेक्षा चांगला लागतो, असं माझं मत आहे. घरातली मुलं कदाचित पावाच्या बाजूने मत देतील.

टप्पा ८: बेक करणं

डिशला फॉइल घट्ट लावा. मधल्या रॅकवर ठेवा, खालच्या रॅकवर ट्रे ठेवला तर उतू गेलेला सॉस रॉडवर पडत नाही. १९० अंशांवर वीस मिनिटं झाकून.

मग फॉइल काढा. आपल्याकडून दूर, मागच्या बाजूने उघडा, वाफ तोंडावर येते. आता चुरा पसरा, डिश फिरवून ठेवा आणि पंधरा ते अठरा मिनिटं उघडीच बेक करा. रंग कमी वाटला तर शेवटची तीन मिनिटं फक्त वरचा रॉड, आणि तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलायचं नाही.

सुरुवातीपासून चुरा-चीज घालून पस्तीस-चाळीस मिनिटं उघडं ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. वरचा भाग करपतो, म्हणून घाबरून डिश लवकर काढली जाते, आणि आत चिकन कच्चं राहतं.

*तपासा:* कडेने बुडबुडे येणं पुरेसं नाही, मधोमधही यायला हवेत. मांसात खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधल्या मोठ्या तुकड्यात ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. नसेल तर मधला सर्वांत जाड तुकडा काढून कापा. आत गुलाबी काही नको, रस स्वच्छ हवा. शंका आली तर फॉइल लावून परत आठ-दहा मिनिटं.

फ्रिजमधल्या गार सॉस-भाज्या वापरल्या असतील तर झाकून बेक करायचा वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा. पण फ्रिजमधली गार काचेची डिश तापलेल्या ओव्हनमध्ये थेट ठेवू नका, तडकते. गरम डिशही ओल्या ओट्यावर टेकवायची नाही. लाकडी पाट किंवा जाड कोरडं फडकं आधीच मांडून ठेवा.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १८० अंश, खालची जाळी, वेळ तोच. फॉइल आणि धातूचं भांडं फक्त कन्व्हेक्शन मोडवर, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशन मोडवर नाही.

ओव्हन नसेल तर मोठ्या जाड कढईत किंवा पातेल्यात लोखंडी स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. नॉनस्टिक भांडं रिकामं तापवायचं नाही. आत स्टीलचा किंवा केकचा टिन ठेवा, काचेची डिश नको. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. झाकणाला पाणी धरतं, म्हणून टिनवर फॉइल ठेवा. या पद्धतीत वरचा थर खरपूस होत नाही. चुरा तव्यावर वेगळा भाजून वाढताना वर घाला, चीज गरम कॅसरोलवर तसंच वितळतं.

टप्पा ९: थांबणं, वाढणं

बाहेर काढल्यावर दहा-बारा मिनिटं तसंच ठेवा. लगेच डाव घातला तर सॉस पातळ वाहतो आणि केलेलं सगळं फसलं असं वाटतं. थांबल्यावर तो धरतो. तेवढ्या वेळात काकडीची किंवा कोबीची कोशिंबीर होते. सोबत गरम पाव किंवा ज्वारीची भाकरी, भात नको.

लहान मुलांसाठी तिखट कमी हवं असेल तर सॉसमध्ये हिरवी मिरची न घालता, डिशच्या अर्ध्या भागावरच्या चुऱ्यात तिखट मिसळा.

घरात कोणी शाकाहारी असेल तर त्यांची छोटी डिश पनीर घालून, वेगळ्या कढईतल्या सॉसने, अळणीऐवजी दूध किंवा भाज्यांचं पाणी वापरून आधी करून ठेवा. दोन्ही डिश एकदम बेक करणार असाल तर शाकाहारी डिश वरच्या रॅकवर, म्हणजे तिच्यात काही सांडायचा प्रश्न येत नाही. पनीर परतायची गरज नाही आणि ते पाच-सात मिनिटं आधी निघतं.

बिघडलंच तर

पाणी सुटलंय: डिश किंचित कलती करून कडेचं पाणी चमच्याने काढा, उघडीच दहा मिनिटं परत ठेवा. कच्चा सॉस किंवा कॉर्नफ्लोअरचं पाणी वरून ओतू नका, पिठाच्या गुठळ्या राहतात.

वर काळं, आत कच्चं: काळा थर खरवडून टाका, फॉइल लावा, तापमान १७० करा आणि पंधरा मिनिटं. नंतर तव्यावरचा चुरा.

खारट: सोबत बिनमिठाची भाकरी आणि साधं दही द्या. डिशमध्ये आता काही मिसळायला जाऊ नका.

चिकन चामट: त्या दिवशी इलाज नाही. उरलेलं बारीक चिरून दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये.

उरलेलं

ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. अख्खी गरम डिश आत न ठेवता उथळ डब्यांत विभागा, लवकर गार होतं. दोन-तीन दिवसांत संपवा. लागेल तेवढंच काढून मधोमध वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. शाळेच्या डब्यात द्यायचं असेल तर सकाळी पूर्ण गरम करून, कोरडं करून, पोळीत गुंडाळून द्या.